ओल्या काचेवरचा प्रकाश



छायाचित्र म्हटले की आज कळ दाबण्याचा क्षण तेवढा डोळ्यांपुढे येतो. कळ दाबली की चित्र तयार, अशी आपली समजूत झाली आहे आणि ती आता बव्हंशी खरीही आहे. परंतु दीडशे वर्षांपूर्वीची स्थिती अगदी निराळी होती. कुंभार मडके घडवितो किंवा सोनार दागिना घडवितो, त्याच अर्थाने त्या काळचा छायाचित्रकार आपले चित्र स्वतःच्या हातांनी घडवीत असे. काच त्याने स्वतः घासायची, रसायने त्याने स्वतः कालवायची, कागदही त्यानेच तयार करायचा. या हस्तकौशल्यात ज्या रीतीने जवळजवळ तीस वर्षे साऱ्या जगावर राज्य केले, त्या ओल्या काचेच्या रीतीचा परिचय करून घेण्याचा आज विचार आहे.

चांदीचे काही क्षार प्रकाशात काळे पडतात, ही गोष्ट रसायनशास्त्रज्ञांना अठराव्या शतकातच ठाऊक झाली होती. इंग्लंडात टॉमस वेजवुड यांनी या गुणाचा उपयोग करून कागदावर व कातड्यावर पानांच्या आणि काचेवरील चित्रांच्या आकृती उमटविल्या. हम्फ्री डेव्ही यांनी १८०२ साली या प्रयोगांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आकृती उमटत होत्या. अडचण एवढीच होती की त्या टिकत नव्हत्या. दिवसाच्या उजेडात आणल्या की उरलेला कागदही काळा पडे आणि आकृती बुडून जाई. मेणबत्तीच्या मंद प्रकाशात चोरून पाहावे, असे हे चित्र होते. प्रकाशाला चित्र काढावयास शिकविणे सोपे निघाले. त्याला वेळीच थांबविणे कठीण ठरले.

ही अडचण ज्या पदार्थाने दूर केली, तो ज्योतिर्विद जॉन हर्शेल यांना १८१९ साली सापडला होता. छायाचित्रकार त्याला आजही ‘हायपो’ या सुटसुटीत नावाने ओळखतात. प्रकाश न लागलेले चांदीचे क्षार हा पदार्थ विरघळवून टाकतो आणि मग चित्रावर प्रकाशाचा अंमल चालत नाही. वीस वर्षांनी, १८३९ साली, या गुणाचे महत्त्व सर्वांच्या ध्यानी आले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये दागेर यांची रीत जाहीर झाली, आणि इंग्लंडात टॅल्बट यांनी आपल्या प्रयोगांची हकीकत लोकांपुढे ठेवली.

दागेर यांचे चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटे. ते आरशासारखे लखलखीत आणि अत्यंत रेखीव असे. पण ते एकुलते एक असे. त्याची दुसरी प्रत निघत नसे. टॅल्बट यांनी १८४१ साली ज्या रीतीचे पेटंट घेतले, तिच्यात प्रथम कागदावर उलटे चित्र तयार होई, म्हणजे पांढरे ते काळे आणि काळे ते पांढरे. या उलट्या चित्रावरून सुलट्या प्रती हव्या तितक्या काढता येत. परंतु कागदाचे तंतू आड येत आणि बारकावे पुसट होत. एकीकडे रेखीवपणा होता पण प्रती नव्हत्या. दुसरीकडे प्रती होत्या पण रेखीवपणा नव्हता. दोन्ही गुण एके ठायी आणावयाचे, तर कागदाइतके सोयीचे परंतु तंतुविरहित असे काही हवे होते. काच सर्वांच्या डोळ्यांपुढे होती. प्रश्न होता तो गुळगुळीत काचेवर चांदीचे क्षार धरून ठेवायचे कसे, हा.

या प्रश्नाचे उत्तर फ्रेडरिक स्कॉट आर्चर या शिल्पकाराने दिले. पुतळे घडविताना समोर बसणाऱ्या व्यक्तीची छायाचित्रे उपयोगी पडतील, म्हणून तो या विद्येकडे वळला होता. कोलोडियन नावाचा एक चिकट द्रव त्या सुमारास वैद्यकात नव्यानेच आला होता. कापसावर तीव्र आम्लांची क्रिया करून स्फोटक कापूस तयार करतात. तो ईथर आणि मद्यार्क यांत विरघळविला की कोलोडियन तयार होते. जखमेवर ते ओतले की क्षणात वाळून पातळ पापुद्रा धरते. आर्चरने हाच पापुद्रा काचेवर चढविला आणि आपली कृती १८५१ च्या मार्च महिन्यात ‘द केमिस्ट’ या नियतकालिकात सविस्तर छापून टाकली.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. आर्चरने या शोधाचे पेटंट घेतले नाही. ज्याला हवी त्याने ही रीत वापरावी, असा त्याच्या कृतीचा अर्थ होता. टॅल्बट यांचे म्हणणे असे की ही नवी रीतही आपल्याच पेटंटाखाली येते. १८५४ साली लारोश नावाच्या व्यावसायिक छायाचित्रकारावर त्यांनी दावा लावला, आणि ज्यूरीने निकाल लारोशच्या बाजूने दिला. काचेचे छायाचित्रण त्या दिवसापासून सर्वांना खुले झाले. त्यावर अनेकांनी पैसा मिळविला. आर्चर मात्र १८५७ साली ऐन चाळिशीत निर्धन अवस्थेत मरण पावला. त्याच्या मागे राहिलेल्या पोरक्या मुलांना सरकारने सालीना ५० पौंडांची नेमणूक करून दिली. एवढाच त्याच्या औदार्याचा ऐहिक मोबदला.

आता ही प्रत्यक्ष कृती पाहू. काच स्वच्छ घासून तिची एक बाजू निर्मळ करायची. डाव्या हाताच्या बोटांनी काचेचा एक कोपरा धरायचा आणि उजव्या हाताने आयोडाइड व ब्रोमाइड मिसळलेले कोलोडियन तिच्या मध्यावर ओतायचे. काच हळूहळू कलती करून तो द्रव एकेका कोपऱ्याकडे न्यायचा आणि शेवटच्या कोपऱ्यातून उरलेला भाग पुन्हा बाटलीत गाळायचा. हे सारे काही सेकंदांत उरकावे लागते. हात थरथरला की लाट उठते, थबकला की रेघ पडते. थर किंचित घट्ट झाला, पण अजून चिकट आहे, तोच अंधाऱ्या खोलीत पिवळ्या उजेडात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या पात्रात बुडवायची. तीनेक मिनिटांत तिच्यावर दुधाच्या सायीसारखी पांढुरकी झाक येते. काच आता प्रकाशाला जागी झाली, असे समजावे.

ही जाग मात्र काच ओली आहे तोवरच टिकते. पापुद्रा वाळला की त्यात रसायने शिरेनाशी होतात आणि सारे श्रम वाया जातात. म्हणून ओली काच तशीच पेटीत घालून कॅमेऱ्यात बसवायची, झाकण काढून काही सेकंद प्रकाश घ्यायचा, आणि धावतच अंधाऱ्या खोलीत परतायचे. तेथे हिराकसाच्या द्रावणाची एकच सफाईदार लाट काचेवरून फिरवायची. तिच्याखाली चित्र वर येऊ लागते. नेमक्या क्षणी पाणी ओतून ते थांबवायचे. मग हायपोने किंवा पोटॅशियम सायनाइडने उरलेले क्षार काढून टाकायचे, काच धुवायची, वाळवायची, आणि मंद आचेवर ऊब देऊन तिच्यावर चंद्रस राळेचे रोगण चढवायचे. कोलोडियन ओतल्यापासून चित्र वर येईपर्यंतचा अवधी दहा-पंधरा मिनिटांचा.

या कामात जोखीमही थोडी नव्हती. सिल्व्हर नायट्रेटने बोटे काळी पडत व ती महिनोन्‌महिने उजळत नसत. ईथरची वाफ डोक्यात भिने आणि दिव्याशी संबंध येताच पेट घेई. सायनाइड तर जहाल विष; त्यापायी प्राणास मुकलेल्या छायाचित्रकारांची उदाहरणे त्या काळच्या नियतकालिकांत आढळतात.

आपल्या देशाच्या हवेत तर या रीतीची खरी कसोटी लागली. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सियसला उकळते. माळव्यात किंवा तेलंगणात वैशाखाच्या दुपारी ज्या उष्णतेत माणसे सावली शोधतात, त्या उष्णतेत कोलोडियनमधील ईथर ओतता ओतताच उडून जाई. दहा मिनिटांचा अवधी निम्म्यावर येई. विहिरीचे पाणी खारे असले तर चांदीचे द्रावण नासे. वाऱ्याने धूळ उडाली तर ओल्या काचेवर कणन्‌कण चिकटे. घराबाहेर चित्र घ्यायचे म्हणजे अंधारी खोलीच बरोबर नेणे प्राप्त होते. तंबू, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, पाण्याच्या पखाली, असे बिऱ्हाड पाठीवर घेऊन हमालांची रांग चाले. सॅम्युअल बोर्न हे इंग्रज छायाचित्रकार १८६३ मध्ये हिंदुस्थानात आले. हिमालयातील सफरींत त्यांच्यासोबत तीस-चाळीस व कधी त्याहूनही अधिक हमाल असत. १८६६ साली मणिरंग खिंडीत सुमारे १८,६०० फूट उंचीवर त्यांनी काचा ओल्या करून चित्रे घेतली. चित्रांखाली नाव बोर्न यांचे आहे. त्या काचा खांद्यावरून वर नेणाऱ्यांची नावे मात्र कोठेच लिहिलेली नाहीत.

या विद्येत आपले लोक मागे राहिले, असे मात्र समजू नये. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. तिच्या कारभारात डॉ. भाऊ दाजी लाड यांचा सहभाग होता. भाऊ दाजींचे घराणे मूळ गोव्याचे. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः कुशल छायाचित्रकार होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ च्या सुमारास छायाचित्रणाचा वर्गही निघाला होता. म्हणजे आर्चरची कृती छापून निघाल्यावर चार-पाच वर्षांतच मुंबईचे तरुण ही विद्या शिकत होते. पेटंटाचे कुंपण न घालणाऱ्या शिल्पकाराच्या देणगीचा हा दूरवर पोचलेला लाभ म्हणावा लागेल.

इंदूर आणि हैदराबाद येथील श्रोत्यांना एक नाव विशेष जवळचे वाटेल. ते राजा दीनदयाळ यांचे. मीरतजवळच्या सरधना गावी १८४४ साली जन्मलेले दीनदयाळ रुडकीच्या टॉमसन कॉलेजात स्थापत्य शिकले आणि १८६६ साली इंदुरात बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करण्याच्या कामावर रुजू झाले. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. दुसरे तुकोजीराव होळकर आणि मध्य हिंदुस्थानचे एजंट सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिले. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत ग्वाल्हेर, खजुराहो, सांची या भागांत हिंडून त्यांनी जी चित्रे घेतली, ती १८८६ च्या मध्य हिंदुस्थानातील प्रसिद्ध वास्तूंवरील ग्रंथात आली. नकाशे काढणाऱ्या हाताला सरळ रेषेची शिस्त असते. दीनदयाळांच्या चित्रांतील खांब, कमानी आणि तटबंदी कशा ताठ उभ्या आहेत, हे पाहिले म्हणजे त्या शिस्तीची ओळख पटते.

पुढे हैदराबादचे सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले आणि ‘राजा बहादुर मुसव्विर जंग’ हा किताब दिला. १८९२ साली दीनदयाळांनी हैदराबादेत खास स्त्रियांसाठी एक चित्रशाळा उघडली. तेथील सारे काम स्त्रियांच्याच हाती होते आणि पडदानशीन स्त्रियांना उंच भिंतींच्या आत निर्धास्तपणे चित्र काढून घेता येई. १९०५ साली दीनदयाळ निवर्तले. त्यांच्या काचेच्या २,८५७ निगेटिव्ह १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने संग्रहात घेतल्या, हे आपले भाग्य. अशा कितीतरी काचा तत्पूर्वी फुटून, घासून, अडगळीत पडून नाहीशा झाल्या असतील.

जुनी चित्रे पाहताना एक सावधगिरी आवश्यक असते. ओल्या काचेला सर्व रंग सारखे दिसत नसत. निळा आणि जांभळा प्रकाश तिला चटकन जाणवे. पिवळा, केशरी व तांबडा जवळजवळ जाणवतच नसे. म्हणून जुन्या चित्रांतील आकाश बहुधा कोरे पांढरे असते. निळे आकाश आणि पांढरे ढग तिला सारखेच. उलट केशरी फेटा काळा दिसतो, कपाळावरचे कुंकू काजळाच्या ठिपक्यासारखे दिसते आणि हळदीने माखलेले हात काळवंडलेले वाटतात. गव्हाळ व सावळ्या कांतीवरून परतणाऱ्या प्रकाशात तांबूस-पिवळा भागच अधिक असतो, त्यामुळे आपल्या लोकांचे चेहरे प्रत्यक्षात होते त्याहून काळे उमटत. पणजीच्या चित्राकडे बोट दाखवून ‘ती फार काळी होती हो’ असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा तो निवाडा पणजीच्या कांतीचा नसून रसायनाच्या दृष्टिदोषाचा असतो. यंत्र खोटे बोलत नाही, असे आपण म्हणतो. पण यंत्र जे पाहू शकत नाही, ते सांगतही नाही. शासनाने त्या काळी निरनिराळ्या जातिजमातींची छायाचित्रे जमवून त्यांवरून माणसांची वर्गवारी केली. ते ग्रंथ चाळतानाही हे ध्यानी ठेवावे.

काचेवरील उलट्या चित्रावरून सुलटी प्रत काढणे ही दुसरी कला. त्यासाठी १८५० साली फ्रान्सच्या ब्लाँकार-एव्हरार यांनी अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा कागद प्रचारात आणला. मीठ घातलेला बलक फेसून, निवळून त्यावर कागद तरंगवीत. मग तो सिल्व्हर नायट्रेटवर तरंगवून वाळवीत आणि काचेखाली दाबून उन्हात ठेवीत. चित्र उन्हातच हळूहळू गडद होत जाई. शेवटी सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून त्याला ऊबदार जांभळट-तपकिरी छटा देत. जर्मनीतील ड्रेस्डेन हे या कागदाचे मोठे केंद्र होते. तेथील एका कारखान्याला १८८८ या एका वर्षी साठ लाखांहून अधिक अंडी लागली. चित्र मोठे करण्याची सोय सहसा नसल्यामुळे जेवढी काच तेवढीच प्रत निघे. पंधरा इंचांचे चित्र हवे तर पंधरा इंचांची काच डोंगरावर चढवावी लागे.

ओल्या काचेचे राज्य संपविले ते एका वैद्याने. ईथरच्या वाफांनी रिचर्ड मॅडॉक्स यांच्या प्रकृतीस अपाय होई. म्हणून त्यांनी कोलोडियनऐवजी जिलेटिन वापरून पाहिले आणि १८७१ साली तो प्रयोग प्रसिद्ध केला. दशकाच्या अखेरीस कारखान्यात तयार झालेल्या कोरड्या काचा बाजारात आल्या. पुढे फिल्म आली, आणि एकविसाव्या शतकात फिल्मही मागे पडली. हा सारा प्रवास सोयीचा आहे व त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. ज्याच्या घरात विषारी सायनाइडची बाटली होती, त्याने कोरड्या काचेचे स्वागतच केले असेल.

मग आज जगात आणि आपल्याकडेही काही मंडळी ही जुनी रीत पुन्हा हाती घेताना दिसतात, ती कशासाठी? गोव्यातही अशा हस्तप्रक्रिया शिकविणारे केंद्र या शतकात निघाले. केवळ हौस म्हणून या गोष्टीकडे पाहणे बरोबर होणार नाही. दिवसाकाठी आठ-दहाच काचा करता येत असल्या, की काय घ्यायचे आणि काय सोडायचे याचा विचार आधी करावा लागतो. समोरची व्यक्ती किंवा इमारत नीट पाहावीच लागते. परंतु याहून मोठे कारण दुसरे आहे. वस्तू कशी घडली हे ज्याला ठाऊक, त्यालाच ती कशाने बिघडेल हेही ठाऊक असते. कोलोडियनचा पापुद्रा आणि त्यावरचे रोगण मद्यार्काने विरघळते. जिलेटिन पाण्याने फुगते व सुटते. सद्हेतूने स्पिरिट लावून पुसलेली किंवा नळाखाली धरलेली जुनी काच क्षणात कोरी होऊ शकते. शंभर वर्षांच्या धुळीने जे केले नाही, ते एका फडक्याने होते.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, पणजी अशा ठिकाणच्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, बंद पडलेल्या चित्रशाळांच्या कपाटांत अशा काचा आजही असण्याचा संभव आहे. त्या आढळल्या तर फेकू नयेत, आणि पुसण्याचीही घाई करू नये. कडा धरूनच काच उचलावी. चित्राच्या निस्तेज बाजूस बोट लावू नये. प्रत्येक काच स्वतंत्र स्वच्छ कागदात गुंडाळून लांब कडेवर उभी ठेवावी, एकावर एक रचू नये. फुटलेली असेल तर चिकटपट्टी न लावता तुकडे सपाट व वेगवेगळे जपावेत. जागा कोरडी व थंड असावी. चित्रात कोण आहे हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर नोंदवावे, कारण काच टिकते पण नाव विसरले जाते. आणि जाणत्या संग्रहालयाचा सल्ला घ्यावा.

काच जुन्या रीतीची की कोरड्या रीतीची, हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. कारखान्यातील काचेवर थर कडेपर्यंत एकसारखा असतो, आणि पुष्कळदा कडांना चांदीसारखी चकाकी आलेली असते. हाताने केलेल्या काचेचा रंग दूध घातलेल्या कॉफीसारखा असतो, थराच्या कडा वेड्यावाकड्या असतात, आणि एका कोपऱ्यात थर मुळी नसतोच. काच जेथे डाव्या हाताच्या बोटांत धरली होती, ती ही जागा. तेथे कोलोडियन पोचलेले नसते. चित्रकाराने सही केलेली असो वा नसो, दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाने येथे अंगठा टेकवून श्वास रोखून धरला होता, हे त्या कोऱ्या कोपऱ्यावरून कळते.